हजाराव्या दिवसाचं खारट सांबाल

मागेलांग,
मंगळवार, सकाळ

आदरणीय म्बाक्यू सुवार्सिह यांस हारजितोचा सलाम.

ताजी बातमी अशी की मी पुन्हा लग्न करतोय. या बातमीला आमच्या गल्लीप्रमुखांच्या पत्नी बू पार्तिनी यांनी शुक्रवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी भाजीच्या गाडीपाशी दुजोरा दिला. शनिवारी मशिदीच्या पायऱ्यांवर तो पुन्हा दिला, आणि रविवारनंतर तर दुजोऱ्याची गरजच उरलेली नाही. माझ्याकडून अद्याप दुजोरा मिळालेला नाही, कारण कुणी मागितलेला नाही.

एकतीस वर्षं वर्तमानपत्रात काढल्यामुळे बातमी आधी आणि ख्यालीखुशाली मागून असा उलटा क्रम झाला, त्याबद्दल क्षमा असावी. आता रीतीप्रमाणे लिहितो. तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढायची परवानगी दिली का, की अजून खालच्याच खोलीत मुक्काम आहे? मुलाला, सुनेला आशीर्वाद. माझी तब्येत ठीक आहे. रक्तदाब थोडा वर आहे, पण त्याचं कारण पुढं येईलच. फोन न करता पत्र लिहितोय याचं नवल वाटून घेऊ नका. तुमचा फोन तुमची सून उचलते आणि प्रेमानं स्पीकरवर ठेवते. ती आमच्या बू पार्तिनींच्या भाचीच्या ग्रुपमध्ये असल्याचं मला नुकतंच समजलं. म्हणजे माझ्या हिशेबानं बातमी शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या आत तेगालला तुमच्या उशाशी पोचली असणार. ती कशी घडली तेवढं तुम्ही माझ्या तोंडून ऐकावं, म्हणून हा कागद.

आपली निंग जाऊन हजार दिवस झाले, त्या हजाराव्या दिवसाची प्रार्थना गुरुवारी नीट पार पडली. धाकट्या बहिणीच्या प्रार्थनेला तुम्ही येऊ शकला नाहीत याचं कुणालाच वाईट वाटायला नको, गुडघ्यापुढं कुणाचं चालतं? तुम्ही पाठवलेले ब्रेबेसचे छोटे कांदे पोचले, आणि पुढं जे झालं त्यात कांद्यांचा काही दोष नाही हे मी आधीच नोंदवून ठेवतो. गल्लीतल्या बायका सकाळपासून मागच्या अंगणात स्वयंपाकाला आल्या होत्या. कोंबडी, भाज्या, नारळातला भात, सगळं त्यांनी केलं. वाटलेल्या मिरच्यांचं सांबाल मात्र मी करणार, असं मी आठ दिवस आधीच जाहीर केलं होतं. (जाहीर करायची खोड ही वर्तमानपत्राचीच.) तुम्हाला माहीतच आहे, निंग सगळ्यांना सगळं करू द्यायची, पण सांबालला हात लावू द्यायची नाही. म्हणून मला वाटलं, तिच्या नावानं बसलेल्या माणसांच्या भातावर बाटलीतलं सॉस पडू नये. गेली पावणेतीन वर्षं मी ते सॉस खातोय. ते सांबाल नसतं म्बाक्यू, ती सांबालची जाहिरात असते.

पहिली अडचण चोबेकची. निंगचं ते दगडी वाडग्यासारखं, मधोमध झिजून खोलगट झालेलं काळं चोबेक तुम्ही चाळिसाव्या दिवशी आठवण म्हणून तेगालला नेलंत. मीच न्या म्हणालो होतो, आणि ते खोटं म्हणालो नव्हतो. त्या वेळी आपण कधी काही वाटू असं मला वाटलं नव्हतं, एवढंच. तर मी बाजारात जाऊन नवं आणलं. दुकानदारानं दगडाची शपथ घेतली. घरी येऊन मिरच्या वाटल्या, भाताबरोबर घास घेतला आणि दाताखाली असा आवाज झाला की शेजारचं मांजर उठून गेलं. ते सिमेंट होतं. वर काळा रंग, आत सिमेंट. त्या घासात मिरची कमी आणि भिंत जास्त होती.

मग मी बसनं मुंतिलानला गेलो, पाथरवटांच्या रस्त्यावर. एक अर्धवट घडलेला बुद्ध आणि दोन तयार बेडूक यांच्या मधल्या जागेत बू वागिराह नावाच्या बाई चोबेकं विकतात. विकतात म्हणजे स्वतः घडवतात. नवरा पाथरवट होता, तो गेल्यावर यांनी त्याची टाकी आणि हातोडा उचलला, त्याला आता अकरा वर्षं झाली. वय चोपन्न. (माहिती बातमीदारीच्या सवयीनं विचारली.) मी सिमेंटच्या घासाची हकीकत सांगून दगड खरा कशावरून असं विचारल्यावर त्यांनी माझ्या खिशातलं नाणं मागितलं, चोबेकाच्या कडेवर वाजवलं आणि माझ्या कानाशी धरलं. घंटेसारखा आवाज. मग म्हणाल्या, "आता तुमच्या घरचं ते भिंतीचं वाजवून बघा, आणि ते कोंबड्यांना पाणी प्यायला ठेवा."

नवं चोबेक लगेच वापरायचं नसतं हे तुम्हाला सांगायला नको, मला मात्र सांगावं लागलं. टाकीच्या घावांतली भुकटी निघून जावी म्हणून त्यात खडेमीठ आणि किसलेला नारळ घालून घासायचं, धुवायचं, वाळवायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असे सात दिवस. मी म्हटलं, माझ्याकडे दोन दिवस आहेत. त्या म्हणाल्या, "मग आधी यायचं होतं. हे काय वर्तमानपत्र आहे, सकाळी छापलं नि संध्याकाळी भजी बांधली?" मी कुठं नोकरीला होतो हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. ते त्यांनी कशावरून ओळखलं ते मला कळलं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी बत्त्याच्या लांबीबद्दल एक शंका विचारायला मी परत गेलो. (उत्तर: बोटांना शाई लागल्यासारखी मी ती सारखी पुसतो म्हणे.)

सात दिवसांचं काम मी एका दिवसात केलं. सात मुठी मीठ, सात नारळांचा कीस, सात वेळा घासणं. सहा वेळा धुतलं. सातव्या वेळी मांडववाला दारात आला, खांब कुठं रोवू म्हणून. खांब रोवून होईस्तोवर बायकांनी चूल मागितली, आणि चोबेक तसंच उन्हात वाळलं. वाळल्यावर ते स्वच्छ दिसत होतं. मीठ पांढरं असतं आणि दगडाच्या भोकांत शिरलं की दिसत नाही, हे मला त्रेसष्टाव्या वर्षी समजलं.

दुसरी अडचण कृतीची, आणि इथं मी स्वतः गुन्हेगार आहे. एक्याण्णव साली आमच्या महिलांच्या पानावर अकरा ओळींची जागा रिकामी राहिली होती. मी घरी फोन करून निंगकडून सांबालची कृती घेतली आणि छापली. ते कात्रण गेल्या आठवड्यात तिच्या प्रार्थनेच्या पुस्तकात सापडलं. वाचून हात थांबला. तिनं सांगितलेल्या कृतीत मिठावर चांगली तीन वाक्यं होती. जवळा आंबवून केलेल्या तेरासीत आधीच किती मीठ असतं, म्हणून वरून किती घालायचं, कधी घालायचं, ते सगळं होतं. मजकूर चौदा ओळींचा झाला. मी त्या तीन ओळी काढल्या आणि लिहिलं, 'मीठ चवीपुरतं'. संपादन उत्तम झालं म्हणून त्या दिवशी मी स्वतःवर खूश होतो. निंग दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. कारण आत्ता समजलं.

तर गुरुवारी दुपारी मी बसलो. चाळीस लवंगी मिरच्या, तुमचे कांदे, टोमॅटो, गुळाचा खडा. तेरासी विस्तवावर भाजली. पहिला तुकडा जळला. (चांगली भाजलेली तेरासी तीन घरांपलीकडच्या माणसाला भूक लावते, जळलेली त्याच माणसाला नगरपालिकेत तक्रार करायला लावते.) दुसरा जमला. वाटताना चष्म्याखाली डोळा खाजला म्हणून बोट लावलं, आणि पुढची वीस मिनिटं मी मोठ्यानं रडत होतो. अंगणातल्या बायकांनी ते पाहिलं आणि निंगच्या आठवणीनं रडतोय असं समजून त्याही रडल्या. मला खुलासा करता आला असता, पण एवढ्या बायका इतक्या मनापासून रडत असताना 'मिरची गेली' असं म्हणायला धीर होत नाही. आणि तुम्हाला म्हणून सांगतो, पंधराव्या मिनिटानंतर त्यात मिरचीच होती असं मी छातीठोक सांगू शकत नाही.

बू पार्तिनी ओढणी सावरत जवळ आल्या आणि म्हणाल्या, "द्या, मी चव बघते." मी म्हटलं, "नको, हे माझं आहे." मी स्वतःही चव घेतली नाही, कारण गुरुवार, माझा रोजा होता. सूर्यास्ताला खजूर तोंडात टाकला तोच प्रार्थनेची मंडळी आली. सांबाल केळीच्या पानांच्या पुड्यांत बांधून बांबूच्या करंड्यांत गेलं होतं आणि करंड्या माणसागणिक घरोघर गेल्या. बेचाळीस करंड्या. म्हणजे एकाच संध्याकाळी बेचाळीस घरांनी एकाच वेळी पहिला घास घेतला. आमच्या पेपरचा खपसुद्धा या भागात कधी एवढा नव्हता.

करणाऱ्याला लग्नाची घाई झाली की पदार्थ खारट होतो, हे आपल्याकडे लहान मूलही सांगतं. पण हजाराव्या दिवशी, बायकोच्या नावाच्या करंडीत, नवऱ्यानं स्वतःच्या हातानं, कुणाला चाखू न देता केलेलं सांबाल खारट निघावं, अशी घटना मागेलांगच्या इतिहासात घडलेली नाही असं मला सांगण्यात आलं. शुक्रवारी सकाळी भाजीच्या गाडीपाशी गेलो तर बायका एकदम गप्प झाल्या. मग बू पार्तिनी म्हणाल्या, "पाक हारजितो, ब्रेबेसची खारवलेली अंडीसुद्धा लाजली हो! अहो, हजार दिवस थांबलात, एक दिवस आणखी थांबला असता तर आम्ही आपणहून विचारलं असतं." दुसरी म्हणाली, "म्हणूनच काल रडत होते बिचारे." मी चोबेक, सातवी मूठ, मांडववाला, सगळं क्रमानं सांगितलं. भाजीवाल्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि मला कोथिंबिरीची जुडी फुकट दिली. हे समजूतदारपणाचं लक्षण होतं की आहेराचं, ते कळायला मार्ग नाही.

शनिवारपर्यंत बू पार्तिनींनी तीन स्थळं आणली. एक निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांनी निरोपासोबत माझ्या वाचक-पत्रातली एक शुद्धलेखनाची चूक कळवली. एक तेमांगुंगच्या, तंबाखूचं शेत असलेल्या. आणि एकीचा फोटो असा, की शेजारचा माणूस कात्रीनं कापून काढलेला, पण त्याचा हात बाईंच्या खांद्यावर तसाच राहिलेला. मी तिघींनाही नम्रपणे नकार कळवला. आमच्या लेकीचा, वेनिंगचा, बालिकपापानहून एवढाच संदेश आला: "बापा, तिघींपैकी कोण?" मी 'कुणीही नाही' असं लिहिल्यावर तिनं विचारलं, "मग चौथी कोण?" मुलीला बातमीदार केलं नाही ही चूकच झाली.

आपली बाजू पुराव्यानिशी मांडावी म्हणून रविवारी गल्लीच्या गटारसफाईच्या वेळी मी पुन्हा सांबाल केलं, आणि सोयाबीनच्या तळलेल्या टेंपेबरोबर वीस माणसांसमोर ठेवलं. सगळ्यांनी हात धुतले. पहिला घास गल्लीप्रमुख पाक दारमाजींनी घेतला. ते तीन पेले पाणी प्याले, मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अहो, लाजायचं काय त्यात? मशिदीमागचा हॉल महिनाभर रिकामाच आहे." मागून बू पार्तिनींचा आवाज आला, "मी काय म्हणत होते!" सांबाल पुन्हा खारट झालं होतं, पहिल्यापेक्षा जरा जास्तच. कारण अद्याप समजलेलं नाही. रविवारी हवा दमट होती, आणि दमट हवेत मिठाचं काही सांगता येत नाही. तपास चालू आहे.

काल सोमवारी चोबेक पिशवीत घालून, सांबालची पुडी घेऊन मी मुंतिलानला तक्रार नोंदवायला गेलो. (ही पाचवी फेरी. तिसरी चोबेक कसं धुवायचं हे पुन्हा विचारायला होती, आणि चौथी, ते ओट्यावर डुगडुगतं म्हणून त्याचा तळ घासून घ्यायला. सर्व फेऱ्या दगडाविषयीच होत्या.) बू वागिराहनी पुडी उघडली, नखावर घेऊन चाखलं, दगड तपासला आणि आपला अभिप्राय दिला. अभिप्राय तांत्रिक स्वरूपाचा असल्यामुळे इथं देऊन तुम्हाला कंटाळा आणत नाही.

सारांश, बातमी निराधार आहे. सुनेनं काही वाचून दाखवलं तर हे पत्र पुढं करावं. गुडघ्याला लसणीचं तेल लावत जा. पाऊस थांबला की मेरापी पर्वत आता सकाळी स्वच्छ दिसतो. निंग असती तर तुम्हाला बोलावलं असतं.

आपला नम्र मेहुणा,
हारजितो

ता. क. — निंगचं चोबेक परत मागण्यासाठी हे पत्र लिहिलेलं नाही. तुमच्याकडेच राहू द्या. माझ्याकडे आता खऱ्या दगडाचं आहे आणि ते अजिबात डुगडुगत नाही. मुळात ते कधी डुगडुगत नव्हतंच.

आणखी एक — वर ज्या तांत्रिक अभिप्रायाचा उल्लेख केला तो गाळणं योग्य नव्हे. मी एकदा तीन ओळी गाळून काय झालं ते तुम्ही वाचलंतच, म्हणून इथं पूर्ण देतो. बू वागिराहनी बोट ओलं करून चोबेकाच्या भोकाभोकांतून फिरवलं, जिभेला लावलं, आणि म्हणाल्या, "दगडात मीठ नाही, पाक. दगड स्वच्छ आहे." मी म्हटलं, हवा दमट होती. त्यांनी टाकी उचलली आणि बेडकाच्या डोळ्यावर दोन घाव घातले. मग म्हणाल्या, "पाच वेळा आलात. इतकं गिऱ्हाईक माझ्या नवऱ्यानं घडवलेल्या हत्तीलासुद्धा आलं नव्हतं. काय ते बोला तरी." मी बोललो. किती ओळी बोललो ते लिहीत नाही. संपादन करायला जागा होती. त्या बराच वेळ हसल्या, आणि मग हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, "गेलेल्या बाईच्या स्वयंपाकघरात मी चोरासारखी शिरायची नाही. तिची थोरली बहीण आहे ना? त्यांनी यावं. मिठाची बरणी कुठं असते ते त्यांनी मला दाखवावं. त्यांनी दाखवली तर मी आहे. नाही दाखवली तर चोबेक तुमचं, पैसे माझे, आणि रामराम."

शेवटचं — म्बाक्यू, त्र्याऐंशी साली मी पहिल्यांदा तुमच्या घरी आलो तेव्हा निंगनं वाढलेलं भाजीचं सार इतकं खारट होतं की डोळ्यांत पाणी आलं, आणि तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "अगं बाई, कुणाला तरी घाई झालेली दिसते!" त्या एका वाक्यावर आमचं लग्न ठरलं. निंग शेवटपर्यंत शपथेवर सांगत होती की तिनं मीठ एकच चमचा घातला होता. दुसरा चमचा कुणाचा, हे मी तुम्हाला चाळीस वर्षांत विचारलं नाही आणि आजही विचारत नाही. फक्त एवढंच कळवतो, की गुरुवारचं सांबाल चोबेकामुळं खारट झालं. रविवारी मी वाटण्यापूर्वी चोबेक तीन वेळा धुतलं होतं.

तेगालहून येत्या रविवारी पहाटेची गाडी आहे. स्टँडवर पाक दारमाजी त्यांची मोटार घेऊन थांबतील, त्यामुळे गुडघ्याला चढउतार नाही. बू वागिराह त्या दिवशी दुकान बंद ठेवणार असल्याचं समजतं. तुम्ही यायचं नाही म्हणालात तर मी तसं त्यांना कळवीन आणि वाईट मानणार नाही. कळवायला सहावी फेरी मात्र करावी लागेल. बरणी निंगनं ठेवली होती तिथंच आहे. मी हलवलेली नाही.